काळ्यावर काळे टाके

मित्रांनो, पडदा म्हटले की तुम्हाला नाटक आठवेल, नाहीतर दारावरचा फुलाफुलांचा पडदा. मी त्यातला नाही. मी एक जुना, जाड, काळाकुट्ट पडदा आहे आणि सध्या यवतमाळकडच्या नेरमध्ये एका दवाखान्यात कपाटावर गुंडाळून ठेवलेला आहे. माझ्यावर धूळ बसली आहे आणि पाली खुशाल येऊन-जाऊन असतात. मी कधी कोणाचे ऊन अडवले नाही की कोणाची लाज झाकली नाही. माझे काम एकच होते. माणसाने समोर एका जागी पाहिले, की त्याच्या डोळ्याला आजूबाजूचे किती दिसते, ते मोजायचे. हे काम मी फार चांगले करतो, असे सगळे म्हणत. मलाही तसेच वाटे. पुढे जे घडले ते सांगताना मला अजून मान वर करवत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

माझा जन्म १९५६ सालचा. डॉक्टर घारफळकर नागपुरात डोळ्यांचे शिक्षण घेऊन आपल्या गावी परत आले आणि त्यांनी मोटार स्टँडजवळ दोन कौलारू खोल्यांत दवाखाना उघडला. येताना त्यांनी पुस्तकांच्या पेटीत मला घडी घालून आणले. तेव्हा मी नुसते लोकरी कापड होतो. चमकणारे कापड त्यांना चालणार नव्हते, म्हणून त्यांनी तीन दुकाने पालथी घातली होती. शेवटच्या दुकानदाराने विचारले, "कोटासाठी का?" डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांसाठी." दुकानदार कापड मोजू लागला.

मला घडवले ते मारोतरावांनी. मारोतराव दवाखान्यातले कंपाउंडर होते, पण त्याआधी वीस वर्षे त्यांनी कापूस बाजाराच्या वाटेवर शिवणकाम केले होते. औषधाच्या बाटल्या हाताळू लागले तरी त्यांच्या टोपीला सुई टोचलेलीच असे. डॉक्टरांनी दोऱ्याला खडू बांधून माझ्यावर एकात एक अशी सहा वर्तुळे आखली. मग मधून निघून घड्याळातल्या आकड्यांकडे जाव्यात तशा बारा रेषा काढल्या. या सगळ्यावर काळ्या दोऱ्याने टाके घालायचे होते.

"टाका असा घाला मारोतराव, की जवळून हाताला लागला पाहिजे, पण खुर्चीवर बसलेल्याला अजिबात दिसता कामा नये," डॉक्टर म्हणाले.

"जन्मात पह्यल्यांदा कोणी मले म्हटलं का काम दिसू देऊ नोका," मारोतराव हसत म्हणाले आणि कामाला बसले.

आठ दिवस ते शिवत होते. काळ्या कापडावर काळा दोरा म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. पण एक टाका लांब नाही की एक आखूड नाही. शेवटी त्यांनी माझ्या अगदी मधोमध शर्टाचे एक पांढरे बटण लावले आणि मला भिंतीवर टांगले. मित्रांनो, त्या दिवशी मी फार ऐटीत होतो. माझ्या अंगावरचे सगळे सुंदर काम कोणाला दिसणार नव्हते, याचे मला काहीच वाटले नाही.

आता माझे काम कसे चाले ते ऐका. रोगी माझ्यापासून एक मीटरवर खुर्चीत बसे. एक डोळा झाकून दुसऱ्याने तो त्या पांढऱ्या बटणाकडे टक लावून पाही. मारोतराव काळी काठी हातात घेत. काठीच्या टोकाला मोहरीएवढा पांढरा मणी चिकटवलेला होता. तो मणी ते माझ्या कडेकडून हळूहळू मधल्या बटणाकडे आणत. मणी दिसू लागला की रोगी म्हणे, "दिसला." मध्येच तो नाहीसा झाला की म्हणे, "गेला." जिथे दिसला, जिथे गेला, तिथे मारोतराव माझ्या अंगात काळ्या डोक्याची टाचणी खुपसत. मग सगळ्या टाचण्या पाहून ते कागदावर नकाशा काढत. प्रत्येक धडधाकट डोळ्यातही एक छोटी आंधळी जागा असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ती माझ्यावर मुठीएवढी उमटे. त्याहून मोठी जागा आंधळी निघाली, की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडे.

डॉक्टरांचे नियम कडक होते. खुर्चीच्या चारही पायांसाठी जमिनीवर लाल रंगाचे ठिपके दिलेले होते. खिडकी बंद करायची, गॅसबत्ती त्याच खिळ्याला टांगायची आणि तिला हवाही तेवढीच भरायची. हात सावकाश फिरवायचा, रोगी कितीही कंटाळला तरी. आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहायचे, २/१०००. मणी दोन मिलिमीटरचा आणि खुर्ची हजार मिलिमीटरवर, असा त्याचा अर्थ.

"नकाशा एकट्या डोळ्याचा नसतो, मारोतराव," डॉक्टर म्हणत. "मणी, अंतर, उजेड आणि तुमचा हात, या सगळ्यांचा मिळून तो बनतो. मोठा मणी घेतला तर डोळा चांगला वाटेल. उजेड कमी केला तर वाईट वाटेल. यातलं एक जरी बदललं तरी आजच्या कागदाची कालच्या कागदाशी सोयरीक जमत नाही."

मारोतराव मान डोलावत. पण मिलिमीटर तेव्हा नेरमध्ये कोणाला माहीत होता? मारोतरावांच्या हातांना शिंप्यांची जुनी मापे कळत, तसू आणि गिरह. २/१००० हे त्यांनी पाठ करून टाकले. पत्राच्या माथ्यावर जसे आपण श्री लिहितो, तसे ते नकाशा काढण्याआधीच तो आकडा कोपऱ्यात लिहून मोकळे होत. तीन वर्षे तो आकडा खराच होता, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही.

१९५७च्या कार्तिकात रुपीबाई पहिल्यांदा आल्या. नेरपासून आठ कोसांवरच्या तांड्यातल्या त्या बंजारी बाई. वय असेल चाळीस-बेचाळीस. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि अंगावर आरशांनी, मण्यांनी भरलेली कांचळी, म्हणजे चोळी. बरोबर त्यांची मुलगी गंगी होती, लग्नाच्या वयाची. आणि काखेत एक गाठोडे. त्यात गंगीच्या लग्नासाठी भरायला घेतलेला फेटिया होता. फेटिया म्हणजे त्यांचा तो मोठ्या घेराचा घागरा. रुपीबाई बाकावर बसल्या की गाठोडे सोडत आणि सुई चालू करत. डॉक्टरांनी आत बोलावले तरी टाका पुरा करूनच उठत.

त्या आत आल्या आणि मला पाहून थबकल्या. अगदी जवळ येऊन त्यांनी डोळे बारीक केले.

"यावर काही शिवलं हाय का भाऊ?"

"हो. गोल शिवले हायेत," मारोतराव म्हणाले.

"काळ्यावर काळं? हा कोणता शिंपी म्हणा! दोऱ्याचा पैसा वाचवला का नजर लागन म्हणून भेला?"

गंगी तोंडाला पदर लावून हसली. मारोतरावही हसले, पण तो शिंपी आपणच, हे काही त्यांनी सांगितले नाही.

त्या दिवशी माझ्या अंगात एका पाठोपाठ एक टाचण्या रुतत गेल्या. उजव्या डोळ्याच्या आंधळ्या जागेतून एक वाकडी वाट निघाली होती आणि बटणाच्या वरून वळून पलीकडे गेली होती, विळ्याच्या पात्यासारखी. डावा डोळाही तसाच, थोडा कमी. डॉक्टरांनी बोटांनी डोळ्यांतला दाब चाचपला, आत उजेड टाकून पाहिले आणि बाईंना समोर बसवले.

"हा काचबिंदू आहे, बाई. मोतीबिंदूसारखा काढून टाकता येत नाही. गेलेली जागा परत येत नाही. उरलेली राखायची. दिवसातून तीन वेळा थेंब टाकायचे, चुकायचं नाही, आणि सहा महिन्यांनी या पडद्यासमोर येऊन बसायचं."

"पण मले तं सुई ओवता येते डाक्टरसाहेब."

"येणारच. मधलं शाबूत आहे. हा चोर कडेकडून येतो."

रुपीबाई नेमाने येऊ लागल्या. दुसऱ्या खेपेला विळा होता तेवढाच होता. मारोतरावांनी गाठोड्यातला फेटिया पाहून शिंप्याच्या तोंडून सहसा न निघणारी वाहवा केली. मला भिंतीवरून तो नीट दिसे. लाल कापडावर पांढऱ्या, पिवळ्या दोऱ्यांच्या ओळी, एकीला लागून दुसरी, जणू मोजून घातलेल्या. आम्ही दोघे एकाच कामाचे, असे मला वाटे. त्याचे टाके दिसण्यासाठी आणि माझे न दिसण्यासाठी, एवढाच फरक. तिसऱ्या खेपेला विळा थोडा लांबला. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी आणखी वाढलेला निघाला तर नागपूरला ऑपरेशन. मग थांबायचं नाही." रुपीबाईंचा चेहरा उतरला. ऑपरेशन म्हणजे महिनोन् महिने सुई बंद. शिवाय तांड्यातला कोणी डोळे कापायला गेलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

ती पुढची वेळ आली १९५९च्या वैशाखात. डॉक्टर फुलसावंगीकडे मोतीबिंदूच्या शिबिराला गेले होते आणि नकाशे काढून ठेवायला मारोतरावांना सांगून गेले होते. ऊन असे होते की माझी लोकर तापून वास मारत होती. रुपीबाई आणि गंगी भर दुपारी घामाने निथळत पोचल्या. मारोतरावांनी खिडकी लावली, गॅसबत्ती पेटवली, खुर्चीचे पाय ठिपक्यांवर ठेवले, कागदाच्या कोपऱ्यात २/१००० लिहिले आणि काठी उचलली. काठीला मणी नव्हता. उन्हाने डिंक तडकून तो कुठेतरी पडला होता.

सगळी खोली धुंडाळली. गंगी जमिनीवर पालथी पडून फरशीच्या फटी बोटांनी उकरत होती. रुपीबाईही खाली बसून हात फिरवत होत्या. मोहरीएवढा मणी तो, मिळतो कसला!

"बाई, आठ दिवसांनी येता का? डाक्टरसाहेब नवा मणी आणतीन," मारोतराव म्हणाले.

"तीन घंटे मोटारीची वाट पाह्यली भाऊ. पोरगी उपाशी हाय. आता वापस नोका पाठवू." रुपीबाईंनी आपल्या कांचळीची बाही वर ओढली, बाहीवरच्या मण्यांच्या झालरीतला एक पांढरा मणी दातांनी तोडला आणि तळहातावर पुढे केला. "हा चालन का?"

मारोतरावांनी तो बोटांत धरून पाहिला. ज्वारीच्या दाण्याएवढा होता. काचेचा, गुळगुळीत.

"थोडा मोठा हाय."

"मोठा हाय तं बरंच ना. माह्यासारखीले दिसन तरी."

मारोतराव हसले. मित्रांनो, मी त्या माणसाला चांगला ओळखतो. आळशी नव्हते, बेफिकीर तर नव्हतेच. रोज रोगी त्यांच्याकडे तक्रार करत, मणी फार बारीक आहे, कंपाउंडर, जीव रडकुंडीला येतो. उन्हातान्हातून आलेल्या बाईने आपल्या अंगावरचा मणी तोडून दिला होता. त्यांनी सरळ डिंक लावला. कोपऱ्यातला आकडा आधीच लिहून झाला होता.

मणी निघाला. गॅसबत्तीच्या उजेडात तो चमचम करत होता. माझ्या कडेवर येताच रुपीबाई म्हणाल्या, "दिसला." पहिल्यापेक्षा चार बोटे आधीच. मग तो विळ्याच्या जागी आला. तिथे मोहरीचा मणी दरवेळी बुडत असे. मी वाट पाहत होतो. मारोतरावांचा हात सावकाश सरकत होता.

"हाय ना भाऊ. दिसूनच राह्यला," रुपीबाई म्हणाल्या.

मला कळले होते. मोठा दाणा, चमकता दाणा, अधू जागेलाही दिसणारच. पण खरे सांगतो, मलाही आनंद झाला. माझ्या अंगात टाचण्या कमी रुतल्या आणि खुर्चीवरच्या बाईचा चेहरा असा फुलला की क्षणभर मीही त्या मण्यावर विश्वास ठेवला. मला तोंड असते तरी त्या क्षणी मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही. हेच मला आज सगळ्यांत जास्त खुपते.

डॉक्टर परत आले. कागद पाहून ते खुर्चीतून उठले. "विळा जवळपास मिटला! बाई आधी घाबरत असणार, आता सवय झाली. आणि थेंबही लागू पडले." गेलेली जागा परत येत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. पण चांगली बातमी हातात आली की कोण तिची उलटतपासणी करतो? नागपूर राहिले बाजूला. सुटलेल्या मण्याचे सांगायचे मारोतराव विसरले. त्यांच्या दृष्टीने ती गोष्ट झाडून काढलेल्या कचऱ्याएवढी होती.

त्या वर्षी नेर आणि आसपासच्या गावांतले सगळे डोळे सुधारले. जो बसे त्याचा नकाशा आधीपेक्षा बरा निघे. डॉक्टर खुशीत असत, मारोतराव रोग्यांच्या पाठीवर हात फिरवत, आणि मी भिंतीवर ताठ उभा असे. आम्हा तिघांतल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही, की सगळ्यांनाच एकदम बरे कसे वाटू लागले.

रुपीबाई त्यानंतर दोनदा आल्या. नकाशा ठीकच निघत होता. थेंबांचे मात्र ढिले पडले होते. बरे वाटतेय म्हटल्यावर तीन वेळांचे एक वेळ झाले. गाठोड्यातला फेटिया जवळपास पुरा होत आला होता, पण खालच्या पट्टीवर टाके लांब पडू लागले होते. एक ओळ दुसरीत घुसे. कधी ओळ मध्येच वाकडी जाई. मारोतरावांनी ते पाहिले. शिंप्याच्या नजरेतून ते सुटणे शक्यच नव्हते. ते म्हणाले, "लग्नाची घाई झाली वाटते, बाई."

"हो ना भाऊ. हात चालत नाई आजकाल," रुपीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फेटिया घडी करून ठेवला.

खरा नकाशा तिथेच मांडीवर पसरलेला होता. आम्ही तो पाहिला आणि पुन्हा गाठोड्यात बांधू दिला.

१९६० साली दिवाळी झाल्यावर त्या आल्या, तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते. रुपीबाईंचा खांदा चौकटीवर आपटला. सावरून पुढे आल्या तर त्यांचा पाय मारोतरावांच्या पायावर पडला. तरी नकाशा निघाला तो जेमतेम खरचटलेला. डॉक्टर एकदा बाईकडे आणि एकदा कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी काठी हातात घेतली, टेबलावरून पट्टी उचलली आणि मण्याला लावली.

"मारोतराव, हा मणी कधीपासून आहे?"

मारोतरावांना आठवायला वेळ लागला. "मागच्या सालच्या वैशाखापासून. पह्यला पडला होता जी. काहून?"

"हा पाच मिलिमीटरचा आहे. तुम्ही दोन लिहिता आहात. दीड वर्ष."

डॉक्टर आतून मोहरीचा एक दाणा घेऊन आले, चुन्यात बुडवून त्यांनी तो वाळवला आणि काठीला चिकटवला. या वेळी काठी त्यांनी स्वतः धरली. दाणा माझ्या कडेवरून निघाला. रुपीबाई काही बोलल्या नाहीत. पहिले वर्तुळ गेले, दुसरे, तिसरे. डॉक्टरांनी हात आणखी सावकाश केला. पाचव्याच्याही आत, बटणाला अगदी लागून, त्या म्हणाल्या, "दिसला." सगळीकडून तसेच. टाचण्या बटणाभोवती अशा दाटल्या की दोन टाचण्यांमध्ये बोट शिरेना. उजव्या डोळ्यात एवढेच उरले होते. डाव्यात त्याहून थोडे जास्त.

"बाई, चूक आमची आहे. मोजण्यात चूक झाली. आणि नकाशे सुधारताना पाहून मी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज फार लहान झाला होता. मारोतराव कोपऱ्यात उभे होते आणि टोपीतली सुई काढून पुन्हा तिथेच टोचत होते.

दीड वर्षातल्या सगळ्या रोग्यांना डॉक्टरांनी निरोप धाडून पुन्हा बोलावले. बहुतेकांचे निभावले. रुपीबाईंना ते स्वतः नागपूरला घेऊन गेले. ऑपरेशन झाले, पण उशीर झाला होता. गंगीच्या लग्नात त्यांना मुलीच्या कपाळाचा मधला भाग दिसत होता, असे गंगीने पुढे सांगितले. वर्षाभराने तेही गेले. मारोतरावांनी पुन्हा काठीला हात लावला नाही. नकाशे डॉक्टरच काढत. मारोतराव बाहेर पुड्या बांधत बसत आणि माझ्याकडे बघायचे टाळत.

१९६३च्या हिवाळ्यात एका सकाळी गंगी आईचा हात धरून आली. डॉक्टर यवतमाळला गेले होते. गंगीने तोच फेटिया नेसला होता. वरच्या ओळी सरळ होत्या आणि खाली उतरता उतरता त्या भरकटत गेल्या होत्या. मारोतराव उठून उभे राहिले.

"भाऊ, तुमी हायेत ना? वासावरून वळखलं," रुपीबाई म्हणाल्या. "डोळे दुखून राह्यले म्हणून पोरीनं आणलं."

त्या सवयीने आतल्या खोलीत शिरल्या, पण खुर्चीशी थांबल्या नाहीत. हात पुढे केलेला होता, तो थेट माझ्यावर टेकला. त्यांची बोटे क्षणभर स्थिर राहिली. मग हलली. त्यांना एक टाका लागला होता. त्यावरून दुसरा, तिसरा. बोटे वर्तुळावरून फिरत पूर्ण वळसा घालून पुन्हा पहिल्या टाक्याशी आली. मग त्यांनी आतले वर्तुळ घेतले. सात वर्षांत मला असे कोणी पाहिले नव्हते.

"कांई वेगो, याडी?" काय झाले, असे गंगीने आपल्या बोलीत आईला विचारले.

रुपीबाईंनी तिला हाताने थांबवले. "भाऊ, हे कोणं शिवलं?"

"म्या," मारोतराव म्हणाले.

"तुमी? अन मी त्या दिवशी शिंप्याले नाव ठेवलं! किती सारखे टाके हायेत भाऊ. एक लांब नाई. तवा डोळे होते तं दिसले नाईत."

हे ऐकले आणि मारोतरावांनी तीन वर्षे न सांगितलेले सगळे सांगून टाकले. तुमचाच मणी होता बाई. वैशाखात तुम्ही बाहीचा तोडून देल्ला, तोच. मोठा होता. मोठा मणी अधू जागेलेही दिसते. डोळा जात होता अन कागद म्हणत होता का बरा हाय.

रुपीबाईंचा हात माझ्यावरच होता. त्यांनी बोटाने एक टाका पुन्हा चाचपला.

"म्हणजे माह्याच मण्यानं," त्या हळूच म्हणाल्या.

"नाई बाई! मण्याचा काय दोष? मणी बदलला हे म्या लिवाले पायजे होतं. डाक्टर रोज सांगत होते. म्या दोनच लिवलं. तुमच्या डोळ्यापुढं लिवलं."

गंगी रडत होती. रुपीबाईंच्या डोळ्यांतूनही पाणी आले. बघायला निरुपयोगी झालेले डोळे रडायला तसेच होते. मग त्यांनी चाचपत खुर्ची शोधली, तिच्यात बसल्या आणि नेहमीसारखा डावा डोळा तळहाताने झाकला.

"मोजा," त्या म्हणाल्या.

"काय मोजू बाई?"

"इतक्या दुरून आली. मोजा ना भाऊ. उचला काठी."

मारोतरावांनी कोपऱ्यातली काठी घेतली. माझ्यासमोर आले. हात उचलण्याचा प्रयत्न त्यांनी केला असेल, पण हात वर गेलाच नाही. काठी त्यांच्या पायाशी लोंबत राहिली. ते आवाज न करता रडत होते, फक्त श्वास अडखळत होता. रुपीबाई बटणाच्या दिशेने तोंड करून ताठ बसल्या होत्या आणि तो श्वास ऐकत होत्या.

"दिसला, भाऊ," त्या म्हणाल्या.

मारोतराव हलले नाहीत.

"दिसला ना. चांगला दिसून राह्यला. आता लिवा कागदावर, अन रडू नोका."

मारोतरावांनी कोरा नकाशा घेतला. एकही टाचणी माझ्या अंगात नव्हती, म्हणून कागदावर एकही खूण झाली नाही. पण कोपऱ्यात त्यांनी लिहिले. या खेपेला आधी नाही, सगळे झाल्यावर लिहिले. "मणी उचलला नाही. मारोती." खाली तारीख घातली. थेंबांची एक बाटली गंगीच्या हातात देऊन ते दोघींना मोटारीत बसवून आले.

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच संपते. गेल्या वर्षी, म्हणजे १९६८ साली, दवाखान्यात नवे यंत्र आले. त्यात मण्याऐवजी उजेडाचा ठिपका असतो आणि त्याचा लहानमोठेपणा खटक्याने बदलतो. मला काढून गुंडाळले गेले, त्याचे दुःख नाही. त्या यंत्रासमोर बसणाऱ्याला मला एवढेच सांगावेसे वाटते, की खटका कुठे होता ते बघून मग लिही, सवयीने लिहू नकोस. तुम्हीही उद्या काही ना काही मोजाल. दूध मोजाल, ताप मोजाल, शेत मोजाल. माप बदलले तर बदलले, पण ते बदलले हे त्याच कागदावर लिहा. उत्तर मनासारखे आले तर आणखी एकदा मोजा. तेवढ्या काळजीअभावी एका बाईचे डोळे माझ्यासमोर गेले आणि मी भिंतीवर ताठ उभा होतो.

मला झाडा, पुसा, असे मी म्हणणार नाही. कधी कपाट आवरायला काढलेच आणि मला उलगडले, तर आत एक पिवळा पडलेला कागद सापडेल. मारोतरावांनी मला गुंडाळताना स्वतःच्या हाताने तो आत ठेवला आहे. त्यावर नकाशा नाही, म्हणून तो कोरा समजून फेकू नका. त्याचा कोपरा वाचा.